वाढीव दोन मैल

जव्हारच्या संस्थानी मोटारखान्यात मी मिस्त्री असताना एका निर्दोष माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली आणि नावही गेले. ते नकळत घडले, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला समजावीत आलो. नकळत होती ती केवळ सुरुवात. खरे काय ते कळल्यावर जे मौन मी धरले, ते पूर्ण जाणतेपणी धरले, आणि तेच येथे आधी कबूल करतो. माझा आवाज जात्याच बारीक आहे. लोक त्याला नम्रता समजत आले आणि मीही त्यांना तसे समजू दिले.

दरबाराकडे एक जुनी फटफटी होती. नाशिककडच्या कुणा साहेबाने वापरून विकलेली. मोखाडा तेव्हा इंग्रजी अंमलात होते. सरहद्दीवरचे जंगल, भरकटलेली गुरे, इकडून तिकडे पळालेली माणसे अशा कारणांनी आमच्या दरबाराचा तिथल्या महालकरी कचेरीशी सतत पत्रव्यवहार चाले आणि पावसाळा सोडून ते टपाल ही फटफटी नेई. ती चालविणारा माझ्याहून थोडा लहान, सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचा होता. पागेत घोड्यांना खरारा करायला म्हणून आला आणि हळूहळू फटफटीवर बसू लागला. डोंगरातल्या लोकांपैकी यंत्रावर बसणारा तो पहिलाच. बाजाराच्या दिवशी मोखाड्यात तो शिरला की त्याच्या पाड्याची माणसे हातातले काम टाकून रस्त्याकडे पाहत.

फटफटीच्या हँडलजवळ वेग दाखविणारा काटा होता. त्याच तबकडीतल्या लहानशा खिडकीत धावलेल्या मैलांचा आकडा फिरे. पेट्रोल आमच्याकडे डब्यांतून, बैलगाड्यांनी येई. त्यामुळे ते या आकड्याच्या हिशेबानेच मोजून दिले जाई. एका वर्षी होळीच्या सुमारास हा काटा बिघडला. उतारावर सुई नाचू लागली, चढावर मरून पडू लागली, आणि मैलांचा आकडा मनात येईल तेव्हा फिरे. मोटारखात्याच्या अधिकाऱ्यांना, ज्यांना सारे रावसाहेब म्हणत, असला सैल कारभार खपत नसे. काटा ताबडतोब बदला, असा त्यांचा हुकूम झाला.

शेडच्या मागे दुसऱ्या एका थोराड फटफटीचा सांगाडा गंजत पडला होता. तिचा काटा मात्र शाबूत होता. तो मी उतरविला. पुढच्या चाकाचे फिरणे काट्यापर्यंत पोहोचविणारी पिळाची तार रॉकेलने धुतली, तिला ग्रीस दिले आणि सारे आमच्या फटफटीवर चढविले. पुढचे चाक लाकडी ठोकळ्यावर उचलून हाताने गरगर फिरविले, तशी सुई अगदी शहाण्यासारखी वर चढली आणि शहाण्यासारखीच खाली आली. रावसाहेब पाठीमागे येऊन उभे होते.

"झालं का मिस्त्री?"

"झालं, रावसाहेब."

नवा काटा बसविल्यावर तो रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांशी ताडून पाहावयाचा असतो, हे मुंबईच्या कारखान्यात मला शिकविलेले होते. परंतु रावसाहेबांपुढे 'अजून पाहावे लागेल' असे म्हणणे त्या घटकेला मला कमीपणाचे वाटले.

पहिल्याच खेपेनंतर घोटाळा उभा राहिला. मोखाड्याला जाऊन येण्यास सत्तावीस मैल पडत, हे सर्वांना पाठ होते. काटा एकोणतीस दाखवीत होता. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच.

वास्तविक दर वेळी नेमके तेवढेच मैल वाढतात, एवढ्यावरूनच मी यंत्राकडे पाहावयास हवे होते. मी माणसाकडे पाहिले. हद्दीच्या अलीकडे रस्ता सोडून मैलभर आत एक पाडा होता आणि तिथे मोहाची दारू चोरून गाळतात, हे जव्हारात कोणाला ठाऊक नव्हते? मैलभर जाणे, मैलभर येणे. हिशेब इतका चोख जुळला की मला त्यात एक प्रकारचा आनंद झाला. त्या आनंदाची आज लाज वाटते.

मग मला सर्वत्र पुरावाच दिसू लागला. तो परतला की मी चाकांची माती बोटाने खरवडून पाही. ती लाल असली तर आतल्या वाटेची वाटे, पांढरट असली तर त्याने मुद्दाम चाके धुतली असावीत असे वाटे. एकदा मडगार्डमध्ये मोहाचे चिरडलेले फूल सापडले. चैत्रात त्या साऱ्या रस्त्यावर मोहाचा सडा पडतो, हे मी सोयीस्करपणे विसरलो. तो हसला तर लपवीत आहे, गप्प राहिला तर घाबरला आहे. उशीर झाला आणि 'गुरं आडवी आली' असे त्याने सांगितले, तर इतके साधे कारण खरा माणूस कशाला सांगेल, असा प्रश्न मी स्वतःला विचारी.

हद्दीवरच्या नाक्याचा शिपाई बाजाराला आला असता मी त्यालाही गाठले. "फटफटी कधी आतल्या वाटेला वळताना पाहिलीस?"

"मिस्त्री, दुपारच्या वेळी नाकावर बसलेली माशी मी उडवत नाही. फटफटीच्या मागं कोण डोळे लावणार?" मग आवाज उतरवून म्हणाला, "का हो? बाटली आणतोय की काय? आणत असला तर आमच्या वाट्याला नाही आली बुवा."

एवढ्यावर गोष्ट शेडमध्ये पोहोचली. पागेतली माणसे त्याला डिवचू लागली. "काय रे, आज दोन मैल कोणत्या झाडाखाली पडले?" "अरे, सासुरवाडीला जातो तो, फटफटी दाखवायला!" दुसऱ्याच दिवशी कोणीतरी त्याला 'दोनमैल्या' म्हटले आणि ते नाव त्याला चिकटले; बाजारकऱ्यांबरोबर ते मोखाड्यापर्यंतही पोहोचले.

एका संध्याकाळी तो स्वतःच माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"मिस्तरी, मी वाट नाय सोडली."

"मग हे दोन मैल कुठले?"

"काट्याला इचारा. तुमचाच हाय तो." थोडे थांबून तो म्हणाला, "उद्या माझ्यामागं बसा नि चला. डोळ्यांनी बघा."

किती सरळ उपाय होता! मला त्यातही कावाच दिसला. मी मागे बसलो की हा सरळच जाईल आणि मग मैल जुळले की मलाच खोटे पाडील. मी नकारार्थी मान हलविली आणि हातातला पाना पुसत राहिलो.

रावसाहेबांनी दोघांना बोलावले. त्याने पुन्हा तेच सांगितले, वाट सोडली नाही म्हणून. रावसाहेब माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं, मिस्त्री?"

"काटा नुकताच बसवलाय, रावसाहेब," मी माझ्या त्या मऊ आवाजात म्हणालो. "काट्याला खोटं सांगून काय मिळायचंय?"

त्याला फटफटीवरून उतरविले आणि पागेत पाणी वाहावयास लाविले. जाताना त्याने टपालाची चामडी पिशवी खांद्यावरून काढून माझ्या बाकावर ठेवली, पट्टा नीट गुंडाळून.

नवा माणूस तयार होईपर्यंत टपाल मलाच न्यावे लागले. मी जव्हारहून निघालो तो मोखाड्याच्या कचेरीपुढेच उतरलो, आणि आलो त्याच रस्त्याने परत फिरलो. आतल्या वाटेचा फाटा आला तेव्हा त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शेडमध्ये येऊन इंजिन बंद केले आणि खिडकीत पाहिले. सत्ताविसाच्या जागी एकोणतीस.

मी खोगिरावरून उतरलो. नंतर सुतळी घेऊन मागे गेलो आणि सांगाड्याचे चाक मोजले, मग आमच्या फटफटीचे. सांगाड्याचे चाक मोठे होते. तो काटा मोठ्या चाकाच्या फेऱ्यांवर मैल मोजण्यासाठी केलेला. आमचे लहान चाक तेवढ्याच वाटेत अधिक फेरे घेई आणि काटा बिचारा त्या फेऱ्यांचे प्रामाणिकपणे जास्त मैल करून दाखवी. ते दोन मैल मी माझ्या हाताने बसविले होते.

रावसाहेबांचे दार तेथून हाकेच्या अंतरावर होते. मी गेलोही. परंतु तोंडातून निघाले ते एवढेच : "काटा पुन्हा अडखळतोय. मुंबईहून या फटफटीच्याच जातीचा मागवावा." तो आला. या वेळी मी तो एकेका मैलाच्या दगडाशी ताडून बसविला. त्याच आठवड्यात नवा माणूस फटफटीवर बसला आणि पहिल्या खेपेला काट्याने चोख सत्तावीस दाखविले.

रावसाहेबांनी भर शेडमध्ये सर्वांना ऐकविले, "पाहिलंत? माणूस बदलला आणि मैल सरळ झाले." सारे हसले. मी हसलो. पाण्याची कावड घेऊन तो दारातून चालला होता. तो थांबला नाही. पावसाळ्यापूर्वी नोकरी सोडून आपल्या पाड्यावर निघून गेला.

पुढे संस्थान गेले, मोटारखाना गेला. माझी पन्नाशी उलटली. काही कामाने मोखाड्याला गेलो तो बाजाराचा दिवस होता. धान्याच्या ओळीतून जाताना एक तरुण गिऱ्हाईक ओरडले, "ए दोनमैल्या, नागली कशी रे?" आणि नागलीच्या पोत्यामागून पांढऱ्या केसांच्या माणसाने मान वर केली. त्या तरुणाला हे नाव कशावरून पडले हे ठाऊकही नसावे. शेजारी बसलेला एक जण हसत म्हणाला, "मापात बघून घे रं, दोन मुठी उडवंल!"

त्याने मला ओळखले. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि खालच्या आवाजात त्याला सारे सांगितले : मोठे चाक, लहान चाक, माझी ती खेप, मुंबईहून आणविलेला काटा. तो नागलीत हात घालून ऐकत होता. मी क्षमा मागितली तेव्हा त्याने हात बाहेर काढला.

"माझ्या कानाला काय सांगता, मिस्तरी? मी वाट नाय सोडली, ते मला ठावं हाय." त्याने हनुवटीने ओळीकडे खूण केली. "यांना सांगा. यांना नाय ठावं."

मी उभा राहिलो. पहिल्या खेपेला माझे शब्द माझ्याच ओठांवर विरले. "काय म्हणतोय म्हातारा?" कोणी विचारले. "मोठ्यानं बोल की बाबा!" माणसे वळून पाहू लागली. डोक्यावरची टोपी काढून मी हातात घेतली आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला.

"मंडळी, मी जव्हारच्या मोटारखान्याचा मिस्त्री. यांनी कधी वाट सोडली नाही, कधी थेंबभर पेट्रोल चोरलं नाही. काटा मी चुकीचा बसवला होता. मला ते कळलं, आणि मी गप्प बसलो. यांची नोकरी मी घालवली, यांना हे नाव माझ्यामुळे पडलं. मी यांचा अपराधी आहे. तुम्हां सगळ्यांसमोर यांची माफी मागतो."