कंपनीचं गाणं

आमच्या ह्यांनी जाखडीच्या नाचात गण धरला, की पलीकडच्या वाडीतली माणसं जेवल्या हातावर पाणी घेऊन निघायची. बायको म्हणून कौतुक करत नाही. बायको म्हणून सांगायचं तर त्या आवाजापायी हे गणपतीत गावोगाव फिरायचे आणि घरचं सगळं माझ्या अंगावर पडायचं.

सन ऐंशीनंतर चिपळूणजवळ लोट्याला रसायनांच्या कंपन्या वाढल्या आणि हेही एकीत लागले. कंपनीच्या वार्षिक समारंभाला दर वर्षी मुंबईचा ऑर्केस्ट्रा यायचा. पिकतं तिथं विकत नाही, म्हणून मी ह्यांना चिडवायची. मग एका वर्षी कामगारांचं बघणारे साहेब स्वतः आमच्या पडवीत येऊन बसले. चहा घेऊन म्हणाले, यंदा तुमचंच जाखडीचं मंडळ हवं, आणि एक गाणं मात्र कंपनीवर पाहिजे.

तोपर्यंत ह्यांचा घसा गेला होता. प्लांटमध्ये कसला तरी झोंबरा वास असायचा. पाळीवरून आले की खोकून खोकून डोळे लाल व्हायचे. मी म्हटलं, नाही म्हणून सांगा.

"सायबान सोता दारात येवन सांगितलान्," हे म्हणाले. "आता नाय कसा म्हनू?"

ह्यांनी कधी गाणं लिहून ठेवलं नाही. चुलीपुढं बसून एकेक ओळ बांधायची, हळू म्हणून दाखवायची आणि मी भाजी चिरता चिरता त्यात खोट काढायची, अशी आमची रीत. तशी ती आमची सगळ्यात सुखाची वेळ. कंपनीचं गाणं तसंच झालं. मंडळातल्या पोरांच्या पाळ्या वेगवेगळ्या, तालीम धड झाली नाही. त्यांना नुसतं धृपद येत होतं. सगळं गाणं आम्हा दोघांनाच पाठ.

समारंभाला कंपनीच्या आवारात मांडव घातला होता. पुढं साहेब लोक, एका बाजूला आम्ही बायका. जाखडीत गाणारा मृदंगवाल्याबरोबर मधोमध बसतो, पायात घुंगरू बांधून पोरं भोवती फिरतात. त्यानं ओळ द्यायची, त्यांनी उचलायची. गण आणि गवळण जुनीच होती. ह्यांचा आवाज चिरकला तिथं पोरांनी चढा सूर लावून सांभाळून घेतलं. मग कंपनीचं गाणं लागलं. पहिलं कडवं कसंबसं निघालं. दुसऱ्याला ह्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

मृदंग वाजत राहिला. पोरं ह्यांच्याकडं बघत फिरत राहिली. हे मात्र माझ्याकडं बघत होते. तसं बघणं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा बाईमाणूस जाखडीत गात नसे. मी उभी राहिले आणि ओळ दिली, "उजाड माळावर दिवा लागला, घरोघरी चूल पेटली." पोरांनी ती झटकन उचलली. मग शेवटपर्यंत मीच गायले. ज्या कंपनीनं माझ्या माणसाचा गळा खाल्ला, तिचं गुणगान मी भर मांडवात, माझ्या तोंडानं केलं. त्यात खोटं काही नव्हतं. आमची चूल तिच्यावरच पेटत होती, आणि म्हणूनच ते जास्त जिव्हारी लागलं. डोळ्यांना धार लागली होती. बायकांना वाटलं, आनंदानं रडते.

टाळ्या पडल्या. ह्यांच्या खांद्यावर शाल घालून साहेब म्हणाले, पुढल्या वर्षी नवराबायको दोघंही हवीत.

कंपनीच्या बसमधून घरी निघालो. उतरायची वेळ आली तेव्हा घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "आता ती गानी तुजी. माज्यान् व्हयाचा नाय."

मी समजूत घातली, होईल बरं म्हटलं. चिपळूणचा डॉक्टर झाला, मुंबईचा झाला. सगळं वरातीमागून घोडं. प्लांट बदलून मिळाला तोही उशिरा. बोलण्यापुरता आवाज राहिला, गाण्यापुरता नाही. मंडळ पोरांनी चालवलं. हे बघायलाही गेले नाहीत.

मला मात्र सवय. हात कामात असले की ओळ ओठावर यायची. हे कधी गप्प बस म्हणाले नाहीत, रागावले नाहीत. फक्त उठायचे आणि बाहेर अंगणात जाऊन उभे राहायचे. दोनचारदा तसं झाल्यावर मी गाणं सोडलं. आमच्या घरात मग कोणीच गायलं नाही.

ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही एखादी ओळ ओठावर येते आणि मी थांबते. आता उठून बाहेर जाणारं घरात कोणी नाही, हे ठाऊक असूनसुद्धा.