रामटेकेनं परत घेतलेलं वाक्य

पाच आठवड्यांपूर्वी मधुकर रामटेके गेला. त्याच्या आदल्याच पंधरवड्यात तो सदर भागातल्या आमच्या वाचनालयात शेजारी बसून, खोकत खोकत, माझ्याशी भांडला होता. यंदासारखं ऊन आजवर पडलं नाही, एवढंच मी म्हणालो होतो. "मोजून ठेवलं होतं का गा तू?" एकाच शाळेत आमची नोकरी झाली, तो इतिहास शिकवायचा, मी चित्रकला, आणि या माणसानं मला एकदाही सुखानं थाप मारू दिली नाही.

वाचनालयाच्या व्हरांड्यात एक मोठा फळा आहे. ज्याला जे वाटेल ते त्यानं खडूनं लिहावं, खाली आपलं नाव घालावं. ज्याला उत्तर द्यायचं असेल त्यानं त्याखाली द्यावं. मधेच कुणी काही पुसायचं नाही. रविवारी सकाळी शिपाई ओल्या फडक्यानं सगळं एकदम पुसतो. क्रिकेट, सिनेमा, नळाचं पाणी... सगळे वाद तिथंच रंगायचे. सात-आठ वर्षांपूर्वी दिवाकररावांनी, म्हणजे आमच्यातल्या एका पेन्शनरनं, एरवी भला माणूस, त्यावर लिहिलं, 'हिटलरनं लाखो ज्यू मारले ही युद्ध जिंकणाऱ्यांनी रचलेली कहाणी आहे.' विलायतेहून कुणीतरी पाठवलेलं एक पातळसं पुस्तक त्यांच्या हाती लागलं होतं. वाचणाऱ्यांनी माना डोलावल्या. हिटलरची शिस्त आमच्याकडे पुष्कळांना आवडते, त्याचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

रामटेके रोज शाळा सुटली की जाऊन उत्तर लिहायचा. जर्मन अधिकाऱ्यांचे स्वतःचे कागद, खटल्यांतले त्यांचे जबाब, छावण्यांतून जिवंत सुटलेल्यांच्या साक्षी. रविवारी फळा पुसला जाई, सोमवारी दिवाकरराव तेच पुन्हा लिहीत, आणि हाही पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मी वैतागलो. "काहून इतकं जिवाले लावून घेऊन राहिला? कुठं जर्मनी, कुठं आपण."

हातावरची खडूची भुकटी झाडत तो म्हणाला, "माह्या बाले आमच्या गावात, पारशिवनीकडं, विहिरीले हात लावू देत नव्हते. बा जिता होता तोवर कोणी तोंड वर करून बोललं नाही. आता तिथलेच लोक मले सांगतात, असं काही नव्हतंच, तुम्ही वाढवून सांगता." मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आणि याच रामटेकेकडून चूक झाली. छावण्यांत माणसांच्या चरबीचा साबण कारखान्यासारखा बनवत, असं त्यानं लिहिलं. पुष्कळ लोक तसंच सांगतात. पुढे एका पुस्तकात त्याला दिसलं, की अभ्यासक ही गोष्ट सिद्ध झालेली मानत नाहीत. दिवाकररावांना याचा पत्ताही नव्हता. मी म्हटलं, "चूप बस ना गा. रविवारी पुसलंच जाईन."

"अन् मग त्यायच्यात अन् माह्यात फरक काय राहिला?"

त्यानं लिहिलं, 'साबणाबद्दल मी लिहिलं ते सिद्ध झालेलं नाही. ते वाक्य परत घेतो. बाकी एकही शब्द परत घेत नाही.' खाली नाव.

दिवाकररावांना आयतंच कोलीत मिळालं. 'एक खोटं निघालं, बाकीचंही निघेल,' असं त्यांनी लिहिलं आणि व्हरांड्यात हशा पिकला. रामटेकेला ते फार लागलं. शाळेतला डबा तो न उघडताच घरी नेऊ लागला. पण सोमवारी खडू घेऊन हजर. दिवाकरराव बधले नाहीत, आजही बधलेले नाहीत.

हा लेख लिहून झाल्यावर मी त्याच्या मुलीला, सुजाताला, वाचायला दिला. शेवटी लिहिलं होतं, की रामटेके तृप्त मनानं, शांतपणे गेला. असं लिहायची पद्धत आहे, घरच्यांना बरं वाटतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "काका, हे काहून लिहिलं? तुम्ही होते ना तिथं."

होतो. ओळ खोडली. रामटेके दवाखान्यात दिवसभर श्वासासाठी तडफडला, माझा हात त्यानं सोडला नाही, आणि त्याला अजून जगायचं होतं.