उजव्या सीटवरचे डोळे

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. अमरावतीत ट्रकच्या बॉड्या बांधण्यात माझा जन्म गेला, आणि गाडी बांधणाऱ्याने गाडीला भ्यावं याचं लोकांना हसू येतं. खुशाल येवो. रंगाखालचा पत्रा आणि पत्र्याखालचा जोड कसा असतो ते मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नसतं ते गाडीत बसल्याबरोबर घोरायला लागतात.

अकोल्याचे एक फूलवाले माझे जुने दोस्त. त्यांचे भाऊबंद झेंडू, गुलाब पिकवतात. हे स्वतः लग्नाच्या गाड्या सजवतात आणि नवरदेवांचे सेहरे गुंफतात. हिंदू असो की मुसलमान, जिल्ह्यातले निम्मे नवरदेव त्यांच्या फुलांआड तोंड लपवून बोहल्यावर किंवा निकाहाला बसलेले असतात. एक दिवस ते गॅरेजात आले आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यात जुन्या जमान्यातली एक अमेरिकन गाडी होती. लाल रंग, त्यावर दोन पांढरे पट्टे, बॉनेट एवढं लांब की त्यावर माणूस पाय पसरून झोपावा.

"मिस्त्री, अशी बनवून द्या. नवरदेवाले वरातीत मिरवाले."

"भाऊ, हे अमेरिकेत बनते. हे अमरावती हाय."

"मंग काय झालं? लोखंड इथं नाई भेटत काय?"

भेटतं. म्हणून मी अडकलो. खोटं कशाला बोलू, त्या गाडीचा मोह मलाही पडला होता. आयुष्यभर चौकोनी ट्रक बांधलेल्या हाताला ते वळण पाहून खाज सुटली. एक जुनी जीप घेतली, तिचा चेसिस लांबवला, सांध्यांना आतून बाहेरून पट्ट्या मारल्या. पत्रा ठोकून ठोकून तो उतार आणला. मागच्या दिव्यांसाठी स्टीलच्या ताटल्या कापल्या. सीटचं रेक्झिन माझ्या मुलीने शिवलं. ती शाळेत शिकवते. सुट्टीच्या दिवशी गॅरेजात येऊन शिलाई मशीनवर बसायची. घरात आमची बोली हिंदी-उर्दूची, गॅरेजात मात्र सगळा कारभार वऱ्हाडीत. ती दोन्हीकडे सारखीच फटकळ.

इंजिन जीपचंच डिझेल. चालू केलं की मळणी यंत्राला धाप लागल्यासारखा आवाज यायचा. फूलवाले म्हणाले, वरातीत बँड असतो, कोणाला ऐकू येते? ते एक बरं होतं.

खरा झगडा झाला स्टिअरिंगवरून. फोटोतल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. मी म्हटलं, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, ड्रायव्हर उजवीकडेच हवा. डावीकडे बसलेल्याला पुढच्या ट्रकच्या पलीकडून काय येतंय ते दिसणारच नाही. ओव्हरटेक करायला निघाला की गाडी अर्धी रस्त्यात गेल्यावर कळणार, आणि तेव्हा कळून उपयोग काय?

"फोटोत डाव्या हातानं हाय ना? मंग डाव्याच हातानं पायजे. उजव्या हातानं केलं तं लोक म्हनतीन जीपले लिपस्टिक लावली."

मी बरेच दिवस हटून बसलो. शेवटी एका अटीवर कबूल झालो. गाडी फक्त वरातीत चालवायची, बँडच्या मागे, माणूस चालतो त्या चालीने. एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायची तर ट्रकवर चढवून. कागदावर ती अजून जीपच होती, त्याचंही मला भय होतंच; पण पोलीस फार तर गाडी जप्त करेल, समोरून येणारा ट्रक तेवढ्यावर थांबत नाही. फूलवाल्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. शपथ घेणारा माणूस मनाने इतका चांगला असला की आपण निर्धास्त होतो. तिथेच चुकतं.

द्यायच्या आधी गाडी तपासणं भाग होतं. सकाळी, रस्ते रिकामे असताना, मी आणि मुलगी वलगावच्या रस्त्याने निघायचो. मी डावीकडे, ती उजवीकडे. पुढे बैलगाडी नाहीतर कापसाचा ट्रॅक्टर आला की मी आंधळा. मग ती खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहायची. "थांबा," म्हणायची. मी थांबायचो. "अजून नाई, अब्बा. बस येऊन राहिली." मग बस घोंघावत निघून जायची, आणि ती म्हणायची, "हं, निघा." ट्रकचे क्लीनर हेच काम करतात. मी तिला म्हटलं, बी.एड. करून शेवटी क्लीनर झालीस. ती म्हणाली, क्लीनर नसता तर तुमचा ड्रायव्हरही पोचला नसता घरी.

खरं सांगतो, त्या सकाळी मी जन्मभरात भ्यालो नव्हतो एवढा भ्यायचो, आणि जन्मभरात नव्हतो एवढा खूशही असायचो.

गाडी विकली. ट्रकवर चढून अकोल्याला गेली. फूलवाले तिला आंजारत-गोंजारत होते, तिच्या नंबर प्लेटला लिंबू-मिरची बांधत होते. त्याच दिवसांत मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तेल्हाऱ्याचा, शेतकी औषधांच्या दुकानात बसणारा, कमी बोलणारा, चेहऱ्याने गरीब. फूलवाल्यांना निमंत्रण द्यायला गेलो तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "पोरीच्या निकाहाची फुलं माह्याकडून. सेहरा मी सोता गुंफीन." मी म्हटलं, बस, एवढंच करा. त्यांनी एवढंच केलं असतं तर हे लिहायची पाळी आली नसती.

निकाह दुपारचा होता. सकाळी मी मंगल कार्यालयात खुर्च्या मांडून घेत होतो, तेव्हा फूलवाल्यांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज आणि ती ओळखीची मळणी यंत्राची धाप.

"मिस्त्री, वरात घेऊन निघालो बरं का! अकोट सोडलं. गाडी काय पळून राहिली, बाप्पा!"

"भाऊ... ट्रकवर हाय ना गाडी?"

"पयली वरात मिस्त्रीच्या पोरीची, अन् ते ट्रकवर लादून आनू काय? लोकं काय म्हनतीन? मी सोता चालवून राहिलो. नवरदेव माह्या बाजूले बसला हाय, राजावानी!"

फोन तुटला. मी परत लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग मला सुचलं की फोन उचलायला त्यांनी एक हात स्टिअरिंगवरून काढावा असं मीच करतोय, आणि मी फोन खिशात घातला. अकोट ते दर्यापूर, दर्यापूर ते वलगाव, सगळा अरुंद रस्ता. कापसाचे दिवस. जिनिंगला जाणाऱ्या गाड्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या. फूलवाले डावीकडे, आंधळे. आणि उजवीकडे, जिथे बघणारा माणूस हवा, तिथे नवरदेव. कपाळापासून छातीपर्यंत मोगरा आणि गुलाबाचा पडदा सोडलेला. तो सेहरा किती दाट असतो ते मला माहीत होतं. माझ्या मित्राची त्यासाठीच तर ख्याती होती.

बायको म्हणाली, चेहरा का उतरला? मी म्हटलं, ऊन लागलं. थंडीचे दिवस होते.

मुलगी आतल्या खोलीत मैत्रिणींच्या गराड्यात बसली होती. मी दारातून नुसतं डोकावलो आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्यापासून काही लपवायची मला सवयच नाही. ती उठून दाराशी आली.

"काय झालं?"

"वरात निघाली."

"मंग?"

"आपली गाडी घेऊन. चालवत आनून राहिले."

ती हळूच म्हणाली, "उजवीकडं कोन हाय?"

उत्तर तिने माझ्या तोंडावर वाचलं असावं. दागिन्यांनी भरलेला हात तिने दाराच्या चौकटीवर टेकवला.

"सेहरा बांधून?"

मी मान हलवली. ती परत जाऊन बसली, आणि मैत्रिणी हसत होत्या त्यात हसली नाही. मला वाटलं, मी हाताने बनवलेल्या गाडीने माझ्या पोरीला निकाहाच्या आधीच विधवा केलं. असले विचार मनात आणू नयेत म्हणतात. आणायला लागत नाहीत, ते आपले येतात.

मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पाहुणे येत होते, मी सलाम घेत होतो, कोणाचा घेतला ते आठवत नाही. वरातीची वेळ झाली, टळली. मौलवीसाहेबांनी दोनदा विचारलं. प्रत्येक हॉर्नला मी रस्त्यावर धावत जायचो. बँडवाले सावलीत बसून चहा पीत होते आणि त्यांचा तो निवांतपणा मला सहन होईना. मी त्यांच्यावर उगाच खेकसलो.

मग तो आवाज आला. मळणी यंत्राची धाप. एवढा गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

गाडी फुलांनी मढलेली होती. बँड सुरू झाला, पोरं नाचायला लागली. नवरदेव उतरला. सेहरा त्याने उचलून डोक्यामागे टाकला होता आणि तोंड पांढरं पडलं होतं. त्याने मला सलाम केला. हात गार होता. फूलवाले उतरले आणि माझ्याकडे न बघता लोकांकडे बघून हसत राहिले. नेहमी उतरल्याबरोबर मिठी मारणारा माणूस.

मी गाडीच्या उजव्या अंगाला गेलो. तिकडचा आरसा नव्हता. दारावर झेंडूच्या माळा जरा जास्तच होत्या, डाव्या दारापेक्षा दुप्पट. मी माळांखाली हात घातला. पत्रा मीच ठोकलेला. त्याचं सपाटपण माझ्या तळहाताला पाठ होतं. दिव्यापासून दारापर्यंत एक लांब चीर बोटांना लागली. तिच्या आत मुठीएवढा पोचा. नवरदेवाच्या गुडघ्याच्या अगदी जवळ.

"कुठं?" मी विचारलं.

"दर्यापूरच्या अलीकडं," फूलवाले म्हणाले. "ट्रक होता. पोट्ट्यानं सेहरा उचलला अन् वरडला, म्हनून... मिस्त्री, मले माफ करा. फुलं लावली वरून. पोरीच्या नजरेस नोको पडाले म्हनून लावली." आणि ते भर बँडमध्ये रडायला लागले. लोकांना वाटलं, दोस्ताच्या मुलीच्या लग्नाने गहिवरले. मला त्यांना मारावंसं वाटत होतं आणि गळ्यात पडावंसंही. मी गळ्यात पडलो.

निकाह झाला, जेवणं झाली. रुखसतीची, पोरीच्या पाठवणीची वेळ आली तेव्हा मी साफ सांगितलं, गाडी इथेच राहील, मुलगी मिनीबसमधून जाईल. नवरदेवाचे वडील नाराज झाले. तेल्हाऱ्यात सगळा मोहल्ला लाल गाडीची वाट बघत होता. शब्दाला शब्द लागायच्या आत आतून मुलीचा निरोप आला. गाडी जाईल, पण अब्बा चालवतील आणि ती स्वतः पुढे बसेल. कबूल नसेल तर मिनीबस.

बायकांमध्ये कुजबुज झाली. बाप रुखसतीबरोबर जात नाही आमच्याकडे, आणि नवरी पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून बसत नाही. नवरदेव पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "बसू द्या त्यांना पुढं," म्हणाला. "मी मागं बसतो." दर्यापूरच्या अलीकडे तो जे शिकला होता ते त्याच्या घरच्यांना कुठून ठाऊक असणार? मला तर नाहीच म्हणायचं होतं. पण तिने आजवर माझ्याकडे मागितलेलंच फार थोडं होतं, आणि नाही म्हणवलं नाही.

तिने ओढणी मागे सारून पिनने घट्ट केली. नवरदेव आणि त्याची बहीण मागे बसली. बायको रडत होती. मुलगी रडली, मग डोळे पुसून लख्ख केले, कारण तिला बघायचं होतं.

"थांबा." वलगावच्या पुढे.

"निघा."

"थांबा, थांबा, अब्बा!" आणि एक बस आमच्या बाजूने सरसरत गेली. मागे नवरदेवाने श्वास रोखलेला मला ऐकू आला. स्टिअरिंग घामाने ओलं झालं होतं. मी पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत होतो आणि कान तिच्याकडे लावून होतो. तिच्या एका शब्दावर चार जणांचा जीव होता आणि तिचा आवाज एकदाही कापला नाही. भय मलाच वाटत होतं, ते शेवटपर्यंत वाटलं.

अकोट मागे पडलं. उजवीकडे सातपुडा निळा होत चालला होता, दिवस कलला होता. तेल्हारा जवळ आलं असताना पुढे एक कापसाचा ट्रॅक्टर लागला. अगदी रमतगमत चाललेला. मी मागे लागलो आणि तिच्या शब्दाची वाट बघू लागलो.

शब्द येईना. समोरून बऱ्याच वेळात एकही गाडी आमच्या बाजूने गेली नव्हती. म्हणजे पलीकडे रस्ता रिकामा होता, एवढं मलाही कळत होतं. मागून नवरदेवाच्या बहिणीने विचारलं, "काहून अडकलो?"

मी उजवीकडे पाहिलं. मुलीचं डोकं खिडकीबाहेर नव्हतंच. मेंदीचे हात मांडीवर ठेवून ती समोरच्या कापसाकडे बघत होती.

"अजून नाई," ती म्हणाली.

मी गिअर खाली घेतला आणि ट्रॅक्टरच्या मागेच राहिलो.