उईके मॅडमचा गाळ

"काऊन रे, डोक्याले तेल लावून आला का? मांगं फिर." प्रयोगशाळेच्या दारातच उईके मॅडम असं म्हणायच्या. मग समोर प्राचार्य का असेनात! तेलाचा कण नमुन्यात गेला की सगळं काम वाया, असं त्या सांगत.

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात मी त्यांचा सहायक होतो. फ्रीजरमध्ये अंटार्क्टिकाच्या समुद्रतळाचा गाळ आहे, हे पिपरी मेघेत माझ्या घरी कोणाला खरं वाटत नसे. तळेगावच्या या बाईंनी तरुणपणी जहाजावर जाऊन तो आणला होता आणि त्याचं वय सांगून नाव कमावलं होतं.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांना कळलं, की ते वय चुकलं आहे. एरवी असं वय शिंपल्यांवरून काढतात, पण तिथे शिंपले टिकत नाहीत, म्हणून त्यांनी गाळातला सगळाच सेंद्रिय कार्बन मोजला होता. त्यात हिमनद्यांनी खरवडून आणलेला जुनाट कार्बन मिसळलेला. त्यामुळे गाळ हजारो वर्षं जास्त म्हातारा दिसला.

उपाय एकच. समुद्राच्या वरच्या पाण्यात जगलेल्या शेवाळाची चरबी तेवढी गाळातून वेगळी काढायची आणि तिच्यातलाच रेडिओकार्बन, म्हणजे काळाबरोबर घटत जाणारा कार्बन, मोजायचा. गाळ उरला होता डबाभर. त्यातच मॅडमच्या पोटात गाठ निघाली. केमो घेऊन आल्या की बादलीत ओकायच्या, तोंड पुसायच्या, पुन्हा काचेच्या नळीशी बसायच्या.

"मॅडम, घरी जा न. कोणाले काय फरक पडते?"

"मले पडते. माह्या आकड्यावरून लोकं बर्फ कवा वितळला ते सांगून राह्यले."

चार महिन्यांनी नखाच्या टोकावर मावेल एवढा पदार्थ हाती आला. तो बाहेरगावी मोजायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा त्या दवाखान्यात होत्या. कार्बन फार कमी, वय काढता येत नाही. आणि गाळ संपला होता.

खोटं बोलायचं ठरवूनच मी खाटेजवळ गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नाई निंघालं ना?"

मी मान हलवली. त्या भिंतीकडे वळल्या आणि बराच वेळ आवाज न करता रडल्या. मग म्हणाल्या, "लिही. म्या सांगतलेलं गाळाचं वय चुकीचं हाये. खरं किती, ते मले माहीत नाई."

"मॅडम, सगळी जिंदगी पुसली जाईन."

"लिही म्हणते ना!"

सलाईन लावलेल्या हातानं केलेली सही वाकडी झाली, म्हणून त्यांनी ती पुन्हा केली. त्यांचं संशोधन ज्या नियतकालिकात छापलं होतं, त्याला पत्र मी त्याच दुपारी पाठवलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

पत्राची पोच आली, तेव्हा ती कोणाला वाचून दाखवावी हे मला कळेना.