मिल्काबाईंचा शनिवार

मिल्काबाई झिराडकर शनिवारी गॅस पेटवत नाहीत. राजारामपुरीतल्या त्यांच्या बिल्डिंगला बरीच वर्षं वाटायचं, बाई मारुतीचा शनिवार धरतात. मग कुणीतरी विचारलं तेव्हा कळलं, की त्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू; शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या 'शनिवार तेल्यां'च्या घरच्या. नर्सच्या नोकरीसाठी आल्या आणि पक्क्या कोल्हापूरकर होऊन बसल्या. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा लावायचा, चहा थर्मासात भरून ठेवायचा, की शनिवार मावळेपर्यंत कामाला हात नाही.

जिना झाडणाऱ्या बयाबाईला मात्र एकही वार सुट्टीचा नव्हता. गुडघे सुजले तेव्हा तिनं आठवड्यातला एक दिवस मागितला. सोसायटीचे चेअरमन विजयसिंह, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "जमत नसंल तर दुसरी बघतो."

मिल्काबाई मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "शनिवारी बयाबाई येणार न्हाय."

"मग झाडणार कोण? तुम्ही?"

"मी तर मुळीच न्हाय. कुणीच झाडायचं न्हाय."

"ती काय तुमच्या धर्माची हाय?"

"आमच्या आज्ज्याच्या घाण्याचा बैल तरी कुठं आमच्या धर्माचा होता? त्याला बी शनिवारी जुंपत नव्हते. मालक बसला की चाकर बी बसला पायजे, दारातला परका बी. न्हायतर मालकाचा शनिवार मोडतो. शास्त्रच हाय आमचं!"

काहीजण हसले. बैलाला मिळायचं ते बाईसाठी मागितलं तर लोकांना हसू येतं, याची मिल्काबाईंना मनस्वी चीड आली.

मिल्काबाईंच्या शब्दावर शनिवारी बयाबाई घरी राहिली. विजयसिंहांनी शेजारच्या बिल्डिंगमध्ये झाडणारी बनाबाई तिच्या जागी बोलावली. ती केरसुणी घेऊन येते तो काय, पहिल्याच पायरीवर मिल्काबाई ठाण मांडून बसलेल्या. अंगावर ठेवणीतलं पांढरं लुगडं, शेजारी थर्मास.

"ठेव ती केरसुणी. च्या घे."

"काम जाईल की ओ माझं."

"हे काम बयाबाईचं हाय. तिच्या सुजल्या गुडघ्यावर पाय दिऊन वर जाणार व्हय?"

बनाबाई घुटमळली. मग म्हणाली, "मला तरी कुठं सुट्टी हाय," आणि टेकलीच.

थोड्या वेळानं विजयसिंह खाली उतरले. कचरा तसाच, आणि दोघी चहा पीत बसलेल्या. ते कडाडले, "दोघींना बी काढून टाकतो! हिला बी, बयाबाईला बी!"

मिल्काबाई जागच्या हलल्या नाहीत.

"काढा की! पुढच्या शनिवारी तिसरी आणा. तिला बी हितंच बसवते. थर्मास मोठा हाय माझा."