पिंजरीचं पाणी आणि अडीच इंची पाईप

गगनबावड्याच्या शाळेत मी मराठी शिकवतो आणि रोज कोल्हापुराहून गाडीनं जाऊन येतो. तिकडच्या पावसानं माझ्या जुन्या टर्बो गाडीच्या सायलेन्सरची पार चाळण केली. नवा बसवायचाच तर तीन इंची जाड पाईप बसवू, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. आठ-दहा व्हिडिओ बघितले की मला कुठल्याही विषयात अक्कल येते, ही माझी जुनी खोड आहे.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रीमामांकडे गेलो, त्यांनी आयुष्यभर सायलेन्सरच बनवले. गल्लीच्या तोंडाशी आलेल्या गाडीचा आवाज ऐकून, मान वर न करता ते तिचं दुखणं सांगायचे. ते मी स्वतः पाहिलं होतं. पण गेल्या दोन वर्षांत त्यांचे दोन्ही कान गेले. कानातलं यंत्र लावलं की नुसती ग्राइंडरची करकर डोक्यात घुसायची, बाकी काही कळायचं नाही, म्हणून ते खणात पडून असायचं. बोलायचं ते आपण खडूनं लोखंडी पत्र्यावर लिहायचं, आणि मामा वाचून तोंडानं उत्तर द्यायचे.

त्यांच्या मुलानं मला दारातच बाजूला घेतलं. बहिऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक येत नाही, म्हणून तो शेड भाड्यानं देणार होता. मामांनी त्याच्याकडे फक्त एक काम मागून घेतलं होतं. ते जमलं नाही, तर आपणच कुलूप लावू म्हणाले होते. ते एक काम म्हणजे माझी गाडी. हे ऐकल्यावर माझी तीन इंची हौस घशातच राहिली.

मामांचा जुना नियम होता की इंजिनाला पाईपनं थोडं अडवायला लागतं, मोकळं सोडलं की जोर जातो. त्याप्रमाणे त्यांनी पावणेदोन इंची पाईप बसवला. मग पुढचं काम काढलं. टर्बोच्या मागं पाईपला एक भोक पाडून तिथून तांब्याची बारीक नळी काढली, थंड व्हावी म्हणून तिला वेढे दिले आणि आत सीटपर्यंत आणली. गवंडी लोक पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी तिला जोडली, फळीवर यू आकारात बांधली आणि तिच्यात पाणी भरलं. पाणी नीट दिसावं म्हणून घरातून चिमूटभर पिंजर, म्हणजे कुंकू, आणून त्यात टाकली. पाईपमध्ये धूर जितका तुंबेल तितकं हे लाल पाणी वर चढणार होतं. कान गेल्यावर त्यांनी हे एकट्यानं बसून काढलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही गगनबावड्याचा घाट उतरलो आणि परत चढायला लागलो. मामा शेजारी, मांडीवर फळी. दुसऱ्याच वळणावर मी ॲक्सिलरेटर दाबला आणि पाणी नळीतून उसळून मामांच्या अंगावर आलं. पांढरा सदरा, मिशा, सगळी रंगपंचमी. मी घाबरून गाडी बाजूला घेतली. मामा शांतपणे मिशा पुसत म्हणाले, "चुकलं माझं."

घाटाच्या कठड्यावर बसून त्यांनी मला समजावलं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारी चक्की, आणि तीच इंजिनात जादा हवा कोंबते. "चक्कीनं आधीच अडवलंय की वो सर. तिच्या पुढं आपण आणि कशाला अडवायचं?" चाळीस वर्षं पाळलेला नियम त्या माणसानं ओल्या सदऱ्यानिशी पाच मिनिटांत सोडून दिला. व्याकरणाची एक चूक वर्गात कबूल करायला मला आठवडा लागतो.

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी आपल्या हातचा नवाकोरा पाईप कापून भंगारात टाकला. वाया गेलेला पाईप बघून मुलाचा चेहरा पडला. आता अडीच इंची चढवला. पुढच्या रविवारी तोच घाट, तेच वळण. मी जीव मुठीत धरून पाय दाबला. गाडी अशी निघाली की माझी पाठ सीटला टेकली, आणि लाल पाणी वीतभर चढून तिथंच थरथरत थांबलं. मामांनी त्या जागी पेन्सिलीनं रेघ मारली. तीन इंची घातला तर पाणी आणखी चार बोटं खाली राहील, म्हणाले, पण प्रत्येक स्पीडब्रेकरला पाईप घासेल आणि आवाजानं गल्लीतली माणसं शिव्या देतील. ऐकू येत नसलेल्या माणसाला गल्लीच्या कानांची काळजी होती. मी उगाच आरसा नीट केला.

दुपारी शेडपाशी गाडी थांबवली. मुलगा दारात उभाच होता. इंजिन चालू ठेवायला सांगून मामा पाठीमागं गेले, पाईपच्या तोंडापुढं तळहात धरून वाकले. धुराचा ठोका तळहातावर जोखत राहिले. मग आम्हा दोघांकडे बघून त्यांनी विचारलं, "आवाज कसा हाय?"

मी खडू उचलला. आवाज खर्जातला होता, भरीव, कुठंही फाटत नव्हता. पण ज्यानं तो घडवला त्याला तो कधीच ऐकू येणार नाही, हे डोक्यात आलं आणि मला, मराठीच्या मास्तरला, एक शब्द सुचेना.

मुलगा पुढं झाला. पाईपजवळ उकिडवा बसून त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग उठून माझ्या हातातला खडू घेतला आणि पत्र्यावर लिहिलं, 'चांगला आहे. उद्या दुकान किती वाजता उघडायचं?'

मामांनी ते दोनदा वाचलं. बाहीनं पत्रा पुसला.

"नऊला," ते म्हणाले.