एक छटा पिवळी

फोटो छापण्याच्या त्या लॅबमध्ये त्यांना सगळे छटाबाई म्हणत. फोटो हातात पडला रे पडला की बाई म्हणणार, "एक छटा लाल जास्त झालीय." आणि झालेली असायचीच! गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. बाईंनाही त्याचा थोडा तोरा होता. का असू नये? अख्खी हयात स्क्रीनवरचा रंग कागदावर जसाच्या तसा उतरवण्यात गेलेली.

मग त्यांचा धाकटा भाऊ गेला. चांगला हिंडता-फिरता माणूस, पण पोटातलं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आई म्हणाली, "त्याचा एक मोठा फोटो करून आण गं. भिंतीवर लावू. तेवढा तरी डोळ्यांसमोर राहील."

शेवटचा फोटो बाईंनीच काढलेला, दुखणं कळायच्या दोनेक महिने आधी, लॅबच्या मागच्या खोलीत. तो स्क्रीनवर उघडला, तर चेहरा पिवळट. "अगं बाई, ही स्क्रीन म्हातारी झाली वाटतं," असं पुटपुटत त्यांनी स्क्रीनच्या सेटिंगमधला पिवळा खाली आणला, आणखी खाली आणला. आणि भाऊ आला की हो समोर! तोच तांबूस गोरा, गालातल्या गालात हसणारा. बाई कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या.

फोटो छापला. पिवळा! शाई बदलली, कागद बदलला, मशीन पुसून लख्ख केलं. काही केल्या पिवळा जाईना. स्क्रीनवर जिवंत, कागदावर आजारी. मूळ फोटोत मात्र काही बदलायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. भावाच्या चेहऱ्याला कशाला हात लावायचा? खोट असणार ती मशीनमध्ये. आई रोज विचारायची आणि बाई रोज काहीतरी थाप मारायच्या.

पुढे भलतंच सुरू झालं. लग्नाच्या फोटोतली नवरी पिवळी आली. तान्ह्या बाळाचा फोटो न्यायला आलेली त्याची आई भांडायलाच उठली, "माझं लेकरू काय आजारी आहे?" शाळेच्या फोटोतली पोरं ओळीनं पिवळी! ज्याच्या त्याच्या चेहऱ्याआडून धाकटा आपल्याकडे बघतोय, असं बाईंना वाटायला लागलं. पुढेपुढे तर मशीनमधून कागद बाहेर यायला लागला, की त्या तोंड फिरवायच्या.

शेवटी लॅबच्या मालकांनी हात टेकले. रंग मोजायचं यंत्र आणून त्यांनी स्क्रीनला चिकटवलं आणि आकडे बघून डोकं हलवलं.

"ताई, कुणीतरी स्क्रीनचा पिवळा पार खाली पाडलाय. सगळे चेहरे तुम्हाला लालबुंद दिसणार, मग तुम्ही प्रत्येकात पिवळा भरत बसणार. मशीन बिचारं काय करेल?"

हे कुणीतरी कोण, ते बाईंना ठाऊक होतं.

स्क्रीन ताळ्यावर आली. मालक बाहेर गेल्यावर त्यांनी भावाचा फोटो उघडला. पिवळा. छापला, तर कागदावरही तेवढाच पिवळा. कागद स्क्रीनच्या शेजारी धरला. नखाएवढा फरक नाही! इतका तंतोतंत रंग त्यांना जन्मात जुळवता आला नव्हता. डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा पिवळा होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "हा पिवळेपणा कधीपासून आहे?" तेव्हा सगळ्यांच्या आधी त्याच बोलल्या होत्या, "कालपरवापासून. आधी असता तर मला दिसला नसता का?"

बाईंनी स्क्रीन बंद केली.

फोटो घरात लपवून न्यावा म्हटलं, तर आई दारातच उभी. तिनं हातातून काढूनच घेतला, उजेडाकडे धरला, मायेनं त्यावरून हात फिरवला.

"हाच माझा पोरगा. शेवटी शेवटी अस्साच झाला होता."

"आई... तुला दिसत होतं?"

"दिसत होतं गं. पण म्हटलं, रंगातलं मला काय कळतंय? घरात तू होतीस ना. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही गप्प राहिले."

एवढं बोलून आई खिळा शोधायला आत गेली.